फ्रिजचे दार आणि गवताची उंची

[पडद्यावर एका घराचे मागचे अंगण दिसते. कॅमेरा जमिनीलगत सावकाश पुढे सरकतो.]

या अंगणात उघड्यावर ठेवलेली एकही वस्तू तिच्या मालकाच्या लेखी टाकाऊ नाही. बंद पडलेली मोटार सवड मिळाली की दुरुस्त व्हायची आहे, जुन्या दारांच्या फळ्यांतून एखादे कपाट व्हायचे आहे, आणि कोपऱ्यातले टायर कधी ना कधी उपयोगी पडतील म्हणून राखून ठेवलेले आहेत. शेजारच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मात्र ही सारी अडगळच दिसते. घराच्या आवाराची देखभाल आणि उघड्यावरची साठवण यांविषयी स्थानिक संस्था जे नियम करतात, त्यांना या दोन्ही नजरांचा विचार करावा लागतो. जागा माझी असताना ती कशी ठेवावी हे दुसऱ्याने का सांगावे, हा मालकाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एकेका वस्तूपाशी थांबूनच शोधावे लागते.

टायरपासून सुरुवात करू. पावसाचे पाणी टायरच्या आतल्या खोबणीत एकदा शिरले की टायर कसाही उलथला तरी ते पुरते निघत नाही, आणि आत सावली असल्यामुळे ते लवकर आटतही नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी अशा पाण्याच्या किंचित वर, ओलसर पृष्ठभागावर अंडी चिकटवते. पाणी आटले म्हणून ही अंडी मरत नाहीत. कोरड्या अवस्थेत ती 8 महिन्यांपर्यंत तग धरू शकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण 7 ते 10 दिवसांत पुरा होतो, म्हणूनच साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडे आतून घासावे असे सांगितले जाते; नुसते ओतल्याने चिकटलेली अंडी जागीच राहतात. हा डास फार लांब उडत नाही. जिथे जन्मला त्या ठिकाणापासून काहीशे मीटरच्या आतच तो बहुधा आयुष्य काढतो, म्हणजे या टायरमध्ये वाढलेला डास चावतो तो घरातल्या माणसांना आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना. 1985 साली अमेरिकेतील ह्यूस्टन परिसरात आशियाई टायगर डासाची वस्ती आढळली, तेव्हा तिचा माग आशियातून आलेल्या जुन्या टायरांपर्यंत पोहोचला होता.

लाकडाच्या ढिगाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. जमिनीला टेकलेल्या ढिगाखाली उंदीर-घुशींना आयता आसरा मिळतो, म्हणून तो सुमारे 18 इंच उंच फळीवर आणि भिंतीपासून सुटा रचण्याचा सल्ला दिला जातो. वणव्याच्या टापूत कारण अधिक गंभीर असते, कारण तिथे पुष्कळ घरे ज्वाळा पोहोचण्याआधीच वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. अशा भागांत घरालगतच्या पहिल्या 5 फुटांत जळण्याजोगे काही ठेवू नये आणि सरपण घरापासून 30 फुटांवर असावे, असे अग्निसुरक्षेचे जाणकार सांगतात.

[कॅमेरा भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या फ्रिजवर स्थिरावतो.]

आता या फ्रिजकडे पाहा. जुन्या फ्रिजच्या दाराला बाहेरून बसणारी खिट्टी असे. दार ओढून घेतले की ती आपोआप अडके आणि आतून कितीही जोर लावला तरी सुटत नसे. दाराच्या कडेचे रबर हवा अडवते, भिंतीतले उष्णतारोधक अस्तर आवाज अडवते. थंडावा राखण्यासाठी केलेली प्रत्येक योजना आत लपलेल्या मुलाच्या जिवावर उठते. अमेरिकेत अशी अनेक मुले गुदमरून गेल्यानंतर 1956 साली कायदा झाला, आणि 1958 च्या अखेरीपासून तयार होणारा घरगुती फ्रिज आतून उघडता आला पाहिजे हे बंधनकारक ठरले. तरीही अमेरिकेत अनेक स्थानिक संस्था जी नमुना मालमत्ता देखभाल संहिता स्वीकारतात, तिच्यात आजही एक छोटे कलम आहे: वापरात नसलेला फ्रिज किंवा तत्सम उपकरण दार काढल्याशिवाय आवारात ठेवता येणार नाही. ज्या घरात लहान मूल नाही, त्या घरालाही हे कलम लागू आहे, कारण खेळणारे मूल शेजारच्या अंगणातूनही येते. 24 इंचांहून खोल पाण्याच्या तलावाभोवती किमान 48 इंच उंचीचे कुंपण घालण्याची अट याच संहितेत आहे आणि तिच्यामागे हीच काळजी आहे.

पण गवताच्या कलमापाशी आलो की एक रिकामी जागा दिसते. किती इंचांहून उंच गवत आणि तण चालणार नाही, तो आकडा नमुना संहितेने लिहिलेला नाही. ज्या त्या स्थानिक संस्थेने तो भरायचा आहे. फ्रिजच्या दाराबाबत अशी मोकळीक कोणालाही दिलेली नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण काही कलमे माणसाच्या जिवासाठी आहेत आणि काहींमध्ये मोठा वाटा नजरेच्या सवयीचा आहे, हे त्यातून उघड होते. जोपासलेली फुले आणि बाग तणाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, पण मधमाश्यांसाठी मुद्दाम राखलेले रानगवत आणि नुसते दुर्लक्षाने माजलेले रान यांतला भेद रस्त्यावरून जाणाऱ्या निरीक्षकाला कसा कळावा, याचे उत्तर त्यात सहज सापडत नाही. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 215 नुसार, एखाद्या जागेच्या अवस्थेमुळे परिसराच्या सुखदतेला बाधा येत असेल तर स्थानिक प्राधिकरण नोटीस देऊ शकते. सुखदता हा शब्द सैल आहे, आणि जिथे शब्द सैल असतो तिथे कार्यपद्धती घट्ट असावी लागते. ही नोटीस बजावल्यापासून किमान 28 दिवस लागू होत नाही आणि त्या मुदतीत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, ही तरतूद म्हणूनच मोलाची आहे. पाहणीलाही मर्यादा आहे: 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कामारा खटल्यात ठरवले की रहिवाशाने नकार दिल्यास, तातडीची परिस्थिती नसेल तर, निरीक्षकाला वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही.

जिथे कारवाई केवळ तक्रारीवर चालते, तिथे जुने भांडण नव्या अर्जाचे रूप घेऊ शकते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला तर हेतू चांगला असूनही अंगणातली बंद मोटार हलवणे मुदतीत जमत नाही, कारण त्याला वाहन लागते आणि हात लागतात. अशा घरी दंडाची पावती पोहोचण्याआधी सामान उचलणारी गाडी पोहोचली पाहिजे, असे मी ठामपणे म्हणेन. मुदत उलटली की इंग्लंडमधील प्राधिकरण स्वतः जागा साफ करून त्याचा खर्च मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून नोटीस हाती पडताच तिच्यात नेमकी कोणती वस्तू आणि कोणते कलम लिहिले आहे ते वाचावे, अंगणाची तारखेसह छायाचित्रे काढावीत, आणि वेळ कमी पडणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच लेखी द्यावा. फ्रिजचे दार मात्र त्याच दिवशी काढावे.