उशीवरून दिसणारा नाताळ

श्रोतेहो, नमस्कार, आणि माझ्या ख्रिस्ती बहीणभावांना सलाम.

डिसेंबर लागला की जालन्यात, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, नांदेडात घराघरांवर चांदण्या चढायला लागतात. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासूनच्या कितीतरी पिढ्यांचा नाताळ या मातीत रुजला आहे. दाराला तोरण, बैठकीत झाड, झाडाखाली येशूजन्माची गव्हाणी, डब्यांत करंज्या-चकल्या. पाहुणे बसतात ती बाहेरची खोली कशी न्हाऊन निघते! आज मला बोलायचं आहे ते आतल्या खोलीबद्दल, आपण निजतो त्या खोलीबद्दल. नाताळची वाट सगळ्यात आतुरतेने बघतात ती लहान लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली वडीलधारी माणसं. त्यांचा बराच वेळ याच खोलीत जातो, आणि नेमकी हीच खोली सजवायची राहून जाते.

माझी आजी शेवटची काही वर्षं खाटेवरच होती. गाणी म्हणत फेरी अंगणात आली की तिला आवाज यायचा, ती ओठांतल्या ओठांत साथ द्यायची, पण बाहेरची रोषणाई काही तिला दिसायची नाही. तेव्हा आईने केलं काय, तर आजीला खुर्चीवर बसवलं, स्वतः त्या खाटेवर आडवी झाली आणि उशीवर डोकं टेकून वर बघत राहिली. मग उठली आणि पायाकडच्या तुळईला खिळा ठोकला. आजीची चांदणी तिथे लागली.

मला वाटतं, निजायच्या खोलीची सगळी सजावट अशीच आडवं होऊन ठरवावी. उशामागच्या भिंतीवर कितीही छान माळा सोडा, निजलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं छत, पायाकडची भिंत आणि खिडकी. त्या तीन जागा सजवा, बाकीचं सोडून द्या.

चांदणी विकत आणायला हरकत नाही, पण लेकरांच्या हातून झालेली खोलीत टांगली की त्याची गोडी वेगळीच. आपल्या मराठवाड्यात तुराट्यांना काय तोटा? गेल्या हंगामातल्या वाळलेल्या, सरळ बघून घ्या आणि त्यांच्या वीतभर लांबीच्या, अगदी सारख्या दहा काड्या कापा. पाच काड्यांचा एक तारा, असे दोन तारे दोऱ्याने बांधा. दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं आवळायची, आणि आतल्या पाच कोपऱ्यांत दोन ताऱ्यांच्या मधोमध बोटभर लांबीचे तुकडे अडकवायचे. चांदणीला पोट येतं ते या तुकड्यांमुळे. वरून पतंगाचा पिवळा ताव कणकेच्या खळीने चिकटवा. एका बाजूची एक पाकळी उघडी ठेवा, दिवा तिथून आत जाईल. आत लहानसा एलईडीच लावायचा. पणती किंवा मेणबत्ती नको, तुराटी आणि कागद भडकायला क्षण लागत नाही.

उजेडाचा रंगही बघून घ्या. पांढरा-निळसर झगमगाट झोपेचा शत्रू आहे. झोप आणणारं मेलाटोनिन त्या उजेडाने कमी होतं. पिवळसर, मंद आणि न लुकलुकणारी माळ घ्या, आणि लेकरू झोपलं की बंद करा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे खाटेवर मच्छरदाणी असते, आणि माळ तिच्याच दांड्यांना गुंडाळायचा मोह होतो. तसं करू नका. नायलॉनची जाळी एका ठिणगीने वितळते. वायर गादीखालून घेऊ नका, आणि बर्फ म्हणून कापूस पसरायचा असेल तर माळेपासून लांब पसरा. थंडी पडली म्हणून दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी तर मुळीच ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

जुन्या माळवदाच्या घरात निजायच्या खोलीला कोनाडा असतोच. तिथे छोटी गव्हाणी मांडा. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिल्यांदा गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा खरा चारा आणि खरे बैल-गाढव आणले होते. खरा चारा आपल्या तर दारातच असतो. कडब्याची पात बारीक चिरून वाटीत ठेवा. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, लेकराने दिवसभरात एखादं चांगलं काम केलं, आजीला पाणी नेऊन दिलं, भावाशी भांडण मिटवलं, की निजायच्या आधी त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीच ठेवायची, तोवर गव्हाणी रिकामी. अंथरूण मऊ झालं का, हे बघायला पोरं रोज रात्री कोनाड्याशी जातात. दुकानातून आणलेल्या चमकीपेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय दमा असलेल्या माणसाच्या खोलीत चमकी, धुळकट कागदी फुलं आणि सुगंधी मेणबत्त्या नकोतच.

सजावट 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या, त्या ज्ञानी माणसांच्या सणापर्यंत राहू द्या. उतरवताना माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, चांदणीचा कागद काढून सांगाडा तेवढा माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी नवा ताव लावला की झालं. आणि यंदा चांदणी टांगायच्या आधी घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा, तुम्हाला ती कुठे दिसेल?

तुम्हा सगळ्यांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. नमस्कार.