बादलीतलं वजन

(दृश्य: न्हाणीघर. गीझरचा लाल दिवा. नळाखाली वीस लिटरची बादली भरते आहे.)

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एवढा हिशेब पक्का असला की घरातली बादली डंबेलचं काम करते, आणि वजन तांब्या-तांब्याने वाढवता येतं.

सुरुवातीला दोन बादल्या घ्यायच्या, प्रत्येकीत पाच लिटर. एकाच हातात ओझं घेतलं की नवख्याचं अंग एका बाजूला कलतं, म्हणून दोन.

(दृश्य: पावलं, घोटे, दोन्ही बाजूंना बादल्या.)

बादल्यांच्या कड्या घोट्यांच्या रेषेत हव्यात. चार बोटं पुढे ठेवल्या तरी तेच वजन कमरेला जड जातं. उचलताना कंबर धरते ती बहुतेकदा इथेच. वाकण्याची सवय आधी रिकाम्या हातांनी करा. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहा आणि गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे भिंतीला टेकवा. पाठीला पोक येता कामा नये. हे जमलं की गुडघे थोडे जास्त वाकवून कडी धरा, पायांनी जमीन दाबत उभं राहा, उठताना श्वास सोडा. रक्तदाब असेल तर श्वास रोखायचाच नाही, आणि व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

आठ वेळा उचला, दीड मिनिट थांबा. असे तीन सेट.

प्लास्टिकच्या बादलीचा कच्चा दुवा म्हणजे कडी अडकते तो कान. तिथे पांढरी चीर दिसली तर ती बादली यासाठी वापरू नका. कडी बोटांत रुतते, तिला फडकं गुंडाळा. आणि पाऊण बादलीच्या वर पाणी नको, नाहीतर हिंदकळून फरशी ओली होते आणि पाय सटकतो.

(दृश्य: खुर्ची. बसता बसता थांबलेले गुडघे.)

तालमीतली बैठक चवड्यांवर, झपाझप आणि शेकड्यांत मोजायची. घरी बळ वाढवायचं तर टाचा जमिनीला, मागे खुर्ची. तीन मोजत खाली जा, खुर्चीला जेमतेम टेकलं की उठा. गुडघे एकमेकांकडे झुकायला लागले की तो सेट तिथेच थांबवा. जोर आधी ओट्याला हात टेकवून मारा; खुर्ची सरकते, ओटा सरकत नाही.

घरच्या व्यायामात ओढणं मात्र हमखास राहून जातं. तालमीत ते काम दोर आणि मल्लखांब करतात. इथे एक हात पलंगावर टेकवा, दुसऱ्या हाताने बादली कमरेपर्यंत ओढा. कोपर अंगाला घासत मागे गेलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा असा व्यायाम सुचवते. सोमवार आणि गुरुवार धरा. गीझर लावल्यापासून पाणी तापेपर्यंतचा वेळ नाहीतरी रिकामाच जातो. तो पुरला नाही, तर खुर्ची आणि ओट्याचं संध्याकाळी उरका. बादल्यांतल्या पाण्याने मग आंघोळ होते, थेंब वाया जात नाही.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीचे आकडे.)

आठाचे बारा झाले, तेही तिन्ही सेटमध्ये, की प्रत्येक बादलीत एक लिटर वाढवा आणि पुन्हा आठावर या. आकडा त्याच दिवशी लिहा. स्मरणशक्ती इथे हटकून स्वतःच्या बाजूने खोटं बोलते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते चालतं. सांध्यात कळ आली तर थांबा. पहिले काही आठवडे आरशात काही दिसणार नाही, कारण आधी मज्जातंतू शिकतात, स्नायू मागाहून भरतात. व्यायाम सुटतो तो नेमका या दिवसांत. आठवडा चुकलाच, तर भरपाई म्हणून दुप्पट करू नका. दोन लिटर कमी करून सुरू करा.

(दृश्य: दारात उतरवलेला भरलेला सिलिंडर.)

दोन्ही बादल्यांत पंधरा-पंधरा लिटर झालं की हातात तीस किलो असतात, म्हणजे घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरएवढं वजन. वीस लिटरची बादली इथे पाऊण भरते. यापुढे लोखंड लागतं.