शटर बटणातले निमुळते आटे: मिळवायचे कुठून, कापायचे कसे

हे बघा, कॅमेऱ्याचं शटर बटण. मधल्या भोकात आटे दिसतायत ना? केबल रिलीज, म्हणजे लांबून शटर दाबायची वायर, इथे बसते. आता हा एम३ चा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा, साधा स्क्रू. याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.५ मिलिमीटर, बटणातल्या आट्यांचाही तेवढाच. म्हणून स्क्रू सुरुवातीला गुमान आत शिरतो आणि आपण फसतो.

[क्लोज-अप: रिलीजचं टोक]

पुढे बारीक, मागे जाड. हे आटे निमुळते आहेत. थोड्याच फेऱ्यांत पाचरीसारखे घट्ट होतात, टोक आपोआप मधोमध येतं आणि आतली पिन सरळ खाली दाबते. सरळ स्क्रू मात्र एक-दोन आट्यांवरच पकडतो. जोर लावलात की आटे गेलेच, आणि जातात ते बटणाचे!

सगळ्या कॅमेऱ्यांना हे लागू नाही बरं का. निकॉन एफ आणि एफ२ मध्ये बटणाभोवतीच्या कड्याला बाहेरून आटे आहेत. एफ३ ला मात्र हेच निमुळते.

बाहेरचे आटे हवे असतील तर माझं ऐका, कापत बसू नका. वायर तुटलेली जुनी रिलीज घ्या, पितळी टोक कापा आणि आपल्या पार्टला डाग देऊन जोडा. आतले हवे असतील तर निकामी कॅमेऱ्याचं बटण शोधा.

तरी बनवायचेच? आधी मोजा. टोकाचा व्यास दोन ठिकाणी घ्या, फरकाला मधल्या अंतराने भागा, टेपर, म्हणजे निमुळतेपणा, मिळाला. लेथवर नुसती कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी छोटी सरकपट्टी) तिरकी करून शंकू निघेल, आटे नाही, कारण ती स्लाइड हाताने चालते, आटे कापताना टूल पुढे नेणाऱ्या लीडस्क्रूशी तिचा मेळ नसतो. त्यासाठी टेपर अटॅचमेंट (टूलला तिरकं चालवणारी जोडणी) हवी, नाहीतर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ. आणि टूल शंकूच्या उताराला नाही, जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) अक्षाला काटकोनात लावायचं. इथे बरेच जण चुकतात.

आतल्या आट्यांसाठी टॅपही (भोकात आटे पाडायचं हत्यार) निमुळताच लागतो. सिल्व्हर स्टीलवर (कडक करता येणारं पोलाद) तेच आटे कापा, खाचा पाडा, पाणी द्या, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करा, मग टेम्पर करा, म्हणजे ठिसूळपणा जायला परत थोडं तापवा. टॅप मारताना दर अर्ध्या फेरीला मागे फिरवा आणि रिलीजचं टोक लावून बघत राहा. निमुळता टॅप जितका खोल जाईल, तितकं भोक मोठं होत जातं. एक फेरी जास्त झाली की टोक खोल बसतं, आणि पिन आधीच बटणाखाली टेकून शटर उडतं.