चादरीचा आलेख आणि पडद्यावरचे चित्र

सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर चढण्याआधी आलेखाच्या कागदावर उतरतो. एकेक चौकोन रंगवत नक्षीकार त्याचा पिसारा फुलवतो, आणि त्या चौकोनांच्या हिशेबाने जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात. आता हे काम अनेक ठिकाणी संगणकावर होते; पण त्या संगणकाच्या पडद्यावर दिसणारी लहान चित्रे, म्हणजे आयकॉन, हीदेखील एकेकाळी अशीच चौकोन रंगवून तयार झाली होती. १९८४ साली आलेल्या ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी आयकॉन काढले ते आलेखाच्या वहीत, ३२ आडव्या आणि ३२ उभ्या चौकोनांत. एकूण १,०२४ ठिपके, आणि रंग दोनच, काळा व पांढरा. एवढ्या जागेत वस्तू ओळखू येईल असे चित्र बसवणे किती अवघड असते, हे सोलापूरच्या नक्षीकाराला वेगळे सांगायला नको.

त्याआधी, १९८१ साली, झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ हा संगणक विक्रीस आणला होता. (होय, तीच झेरॉक्स, जिच्या नावाने आपण नवी पेठेत कागदांच्या प्रती काढतो.) कचेरीतल्या माणसाला आज्ञा पाठ करून टंकाव्या लागू नयेत, म्हणून त्याच्या ओळखीचे टेबलच पडद्यावर मांडले गेले: कागद, फोल्डर, फायलींचे कपाट. पडद्याच्या या मांडणीला डेस्कटॉप हे नाव त्या टेबलावरूनच मिळाले.

विंडोजमध्ये डेस्कटॉप हाही प्रत्यक्षात एक फोल्डरच असतो, आणि त्यावरचे सगळे आयकॉन एका जातीचे नसतात. ज्याच्या कोपऱ्यात वाकडा बाण दिसतो तो शॉर्टकट, म्हणजे दुकानाकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. ती काढली म्हणून दुकान उठत नाही. बाण नसलेली हिशेबाची फाइल मात्र खुद्द फाइलच असते, आणि नेमकी तीच पाटी समजून काढून टाकली जाते. तशी वेळ आली तर रिसायकल बिन, म्हणजे काढून टाकलेल्या फायलींची टोपली, उघडावा. तो रिकामा केलेला नसेल, तर फाइल सहसा तिथे सापडते आणि पूर्वीच्या जागी परत ठेवता येते. पेन ड्राइव्हवरून काढून टाकलेली फाइल मात्र एरवी त्या टोपलीत येतच नाही, त्यामुळे नक्षी पेन ड्राइव्हवर देताना तिची एक प्रत संगणकातही राहू द्यावी लागते.