सड्यावरची माती

(दृश्य: पहाट. जांभ्याचा सडा, खाली समुद्र. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मुली.)

रत्नागिरीजवळच्या या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वीतभर खणलं की कुदळ जांभ्यावर आपटते. म्हणून कॉलेजच्या कबड्डी मैदानाची माती खालच्या मळ्यातून येते. दरवर्षी येते, कारण तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आदल्या वर्षीची माती धुऊन नेतो.

(दृश्य: चाळण. मातीतून खडे वेचणारी बोटं.)

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी अंगण चोपून खळं करतात, तसंच हे काम. आधी माती चाळायची. एक खडा राहिला तरी पकडीत कुणाचा तरी गुडघा फुटणार, म्हणून चाळलेली माती पुन्हा हाताने चाचपायची. मग पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यायची. सकाळी चोपण्यांचा आवाज सुरू होतो. ही चोपणी मुलींनी घरून आणली आहेत, आजीच्या हातची. भेग पडता कामा नये आणि पाय टेकल्यावर माती थोडी दबलीही पाहिजे. किती चोपायचं हे पायाला कळतं.

दोरी ताणली जाते, फक्की पडते. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, मुलांचं १३ बाय १०.

(दृश्य: जिमखान्यातलं कपाट. काळवंडलेल्या ढाली, जुने संघफोटो.)

१९४५ साली रत्नागिरीत कॉलेज सुरू झालं. त्याआधी शिकायचं तर मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागे. मुंबईला जायला आगबोट होती. त्याच वाटेने गेलेल्या चाकरमान्यांनी गिरणगावात गल्लोगल्ली हुतूतूचे संघ उभे केले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने त्यात सुवर्ण जिंकलं. मुलींना मात्र आशियाई स्पर्धेचं दार २०१० मध्ये, ग्वांगझूला उघडलं. तिथेही सुवर्ण आपलंच.

मुंबई विद्यापीठाचा क्रीडा इतिहास निघाला की आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक आठवतो, सुनील गावसकर आठवतात. आठवायलाच हवेत, गावसकरांचं मूळ घराणंही वेंगुर्ल्याचंच. पण त्याच विद्यापीठाची कोकणातली कॉलेजं वर्षानुवर्षं अनवाणी खेळत आली. त्यांचा इतिहास या कपाटात आहे, आणि कपाटाला वाळवी लागली आहे.

हा फोटो बघा. मागे लाल एसटी उभी आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. तोवर मुंबईचा सामना म्हणजे रात्रभर घाट आणि वळणं, आणि पहाटे उतरल्यावर थेट वजनकाटा.

(दृश्य: सराव. चढाई करणारी मुलगी, पायाचा जवळून शॉट.)

आता या पायाकडे लक्ष द्या. अंगठा मातीत रुततो, टाच फिरते आणि शरीर वळतं. कोपऱ्यातली खेळाडू घोट्याकडे झेपावते, तेव्हा ती मातीवरून वीतभर घसरते. ते घसरणं तिच्या पकडीचा भाग आहे. शाळेपासून तिने तसंच शिकलं आहे. "दम धर गो, दम धर!" बाहेरून ओरडणारी गेल्या वर्षीची कर्णधार आहे. नोकरी करते, तरी संध्याकाळी येते.

वरच्या फेऱ्या मॅटवर होतात. मॅट पाय धरून ठेवते, तिथे घसरता येत नाही. शिवाय बूट घालावे लागतात. या मुली मॅटवर पहिल्यांदा उभ्या राहतात त्या सामन्याच्याच दिवशी.

(दृश्य: एसटी स्टँड, रात्र. पिशवीतून बाहेर काढलेले बूट.)

बाराजणी, बुटांचे सात जोड. कुणाचा नंबर कुणाला लागेल हे गाडीतच ठरतं.

या वर्षी त्या पहिल्याच सामन्यात हरल्या. एकीचा गुडघा दुखावला, ती आता खेळत नाही.

(दृश्य: पुन्हा सडा. सकाळ.)

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सहा वाजता अकराजणी मैदानावर होत्या. बारावी कठड्यावर बसून होती, मांडीवर चाळण घेऊन. मधल्या रेषेजवळ भेग गेली होती. दोघींनी पाणी आणलं, एकीने चोपणं घेतलं.

(चोपण्याचा आवाज. निवेदन नाही.)