सीमेवरच्या फाटकाची होळी

[दृश्य : दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मधून जाणारा अरुंद रस्ता]

या रस्त्यावर जर्मनी कुठे संपला आणि फ्रान्स कुठे सुरू झाला, हे गाडीत बसलेल्या माणसाला कळतही नाही. पण ६ ऑगस्ट १९५० रोजी, रविवारी, इथे फाटक होतं. रस्त्यावर आडवा दांडा, शेजारी पहारा, आणि कागद दाखवल्याशिवाय पाऊल पुढे नाही.

जागेचं नाव सांक्ट गेर्मान्सहोफ. पलीकडे जवळच विसांबूर हे फ्रान्सच्या आल्सास प्रांतातलं गाव. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी विद्यार्थी इथे येऊन पोचले. अनेक देशांतले, मिळून सुमारे तीनशे. त्यांनी फाटक मोडलं, खांब उपटले आणि त्या लाकडांची होळी केली.

महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. या पोरांचं बालपण त्या युद्धातच गेलं होतं. बाप, काका, थोरले भाऊ एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिलेले, आणि त्यांचीच ही मुलं आज खांद्याला खांदा लावून खांब उपटत होती. मला या प्रसंगात सगळ्यात जास्त हलवून जातं ते हेच.

[दृश्य : विसांबूरची जुनी घरं]

जागाही अशी तशी नव्हे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातली पहिली मोठी लढाई ४ ऑगस्टला याच विसांबूरला झाली. त्यानंतर आल्सास जर्मनीकडे गेला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, १९४५ पर्यंत परत फ्रान्सकडे. म्हणजे १८६५ साली इथे जन्मलेल्या आणि ऐंशी वर्षं जगलेल्या एखाद्या आजीचा देश घराचा उंबरा न ओलांडता चार वेळा बदलला. १९४२ पासून तर इथल्या तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केलं गेलं. असे हजारो मुलगे घरी परतलेच नाहीत.

म्हणून त्या तीनशे जणांचं मागणं नुसत्या मैत्रीचं नव्हतं. त्यांना युरोपची संसद हवी होती, युरोपचं सरकार हवं होतं. तीनच महिन्यांपूर्वी, ९ मे रोजी, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणायची योजना मांडली होती. विद्यार्थ्यांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

थांबावं मात्र लागलं. लोकांनी थेट निवडून दिलेली युरोपीय संसद आली १९७९ मध्ये. युरोपीय देशांमधल्या सीमांवरची तपासणी उठवणारा शेंगेन करार अमलात आला २६ मार्च १९९५ रोजी. फाटक पेटवणारा विशीतला मुलगा तोवर पासष्टीला आला होता. युरोपचं सरकार अजूनही झालेलं नाही.

आज कार्ल्सरूहला शिकणारी एखादी मराठी मुलगी जर्मनीच्या निवास परवान्यावर सुट्टीच्या दिवशी फ्रान्समधल्या स्ट्रासबूरला जाऊन येते, वेगळा व्हिसा लागत नाही. त्या मोकळेपणाची मागणी आधी या रस्त्यावर झाली होती.

[दृश्य : मतदान केंद्राबाहेर तरुणांची रांग]

जून २०२४ मध्ये जर्मनीतल्या सोळा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदाच युरोपीय संसदेसाठी मत दिलं. तरुण म्हणजे युरोपच्या बाजूचेच, हा अनेकांचा समज त्या निकालाने डळमळला. आधीच्या, २०१९ च्या निवडणुकीत तरुणांनी उचलून धरलेला ग्रीन पक्ष त्यांच्यात घसरला आणि युरोपीय संघाच्या अधिकारांवर आग पाखडणारा एएफडी पक्ष वर चढला. घरभाडं, महागाई, युद्धाची भीती हे त्यांचे प्रश्न खरे आहेत, ते झटकून टाकता येणार नाहीत. पण फाटक कसं दिसतं हे या मुलांनी पाहिलेलंच नाही, याची मला काळजी वाटते.

[दृश्य : रस्त्याकडेचं स्मारक, मग महामार्गावर थांबवलेल्या गाड्या]

गेर्मान्सहोफला आता त्या दिवसाचं स्मारक उभं आहे. आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने फ्रान्सच्या सीमेवरही पोलीस तपासणी पुन्हा सुरू केली.