घाटात कुणी कुठे बसायचं

नमस्कार, श्रोतेहो.

शनिवार-रविवार जोडून मित्रमंडळी डोंगराकडे निघतात, तेव्हा चाकातली हवा तपासली जाते, टाकी भरली जाते, चार्जर आठवणीने घेतले जातात. एक गोष्ट मात्र कुणीच ठरवत नाही, आणि माझं ठाम मत आहे की सहलीची निम्मी मजा तिच्यावर अवलंबून असते. कुणी कुठे बसायचं! दारं उघडली की जो तो धावतो. पुढची जागा सगळ्यांत लांब पायांच्या मित्राला मिळते, खिडकी सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या मित्राला, आणि मागची मधली जागा शेवटी पोचलेल्याला. ही वाटणी चुकली हे सपाट रस्त्यावर कळत नाही. घाट लागला की पाचव्या-सहाव्या वळणाला ते सगळ्यांना एकदमच कळतं.

आता शेवटी पोचणारा कोण, हे प्रत्येक टोळीत वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. ‘सहा म्हणजे सहा’ असं आदल्या रात्री तोच सगळ्यांना बजावतो. सव्वासहाला फोन केला की ‘निघालोच, खाली उतरतोय’ म्हणतो, आणि मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. असा मित्र तुमच्याकडेही असेल. त्याच्यावर रागावू नका, कारण मधल्या जागेचा प्रश्न तो सोडवतो.

मी ज्या जागेबद्दल मनापासून बोलणार आहे ती पुढची, चालकाशेजारची. ती कुणाला द्यायची? ज्याला गाडी लागते त्याला. यावर मतदान नको, चिठ्ठ्या नकोत, वय-मान काही नको. कारण सांगतो.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कुठल्या दिशेला वळतंय हे त्या मेंदूला कळवतात. मागच्या सीटवर बसून कुणी मोबाईलमध्ये बघत असला, तर त्याचे डोळे म्हणतात, ‘सगळं स्थिर आहे’ आणि कान म्हणतात, ‘छे, आपण डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, आता पुन्हा डावीकडे’. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्याचा जाब पोटाला द्यावा लागतो. 1974 मध्ये ओहॅनलन आणि मॅककॉली या संशोधकांनी माणसांना यंत्रावर वरखाली हेलकावे देऊन पाहिले. पाच-सहा सेकंदांना एक असा मंद हेलकावा सगळ्यांत जास्त मळमळ आणतो, असं त्यांना आढळलं. फार जोराचे धक्के परवडले, हा मंद झोका नको. घाटात सावकाश, डौलात वळणारी मऊ गाडी काही मंडळींना खडबडीत रस्त्यापेक्षा जड का जाते, हे यावरून लक्षात यावं.

चालकाला मात्र गाडी सहसा लागत नाही. ‘चालकाला गाडी क्वचितच का लागते’ हा प्रश्न घेऊन रोलनिक आणि लुबो या दोघांनी 1991 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोड्या केल्या, दोघांना एकसारखंच फिरवलं, फक्त फिरण्याचं नियंत्रण जोडीतल्या एकाच्या हाती दिलं. ज्याच्या हाती नियंत्रण होतं त्याला त्रास कमी झाला. पुढचं वळण कधी आणि कुठल्या बाजूला येणार हे आधी माहीत असणं, हेच औषध. म्हणून त्रास होणाऱ्याला पुढे बसवायचं, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगायचं आणि वळणाच्या आधी वळण दिसू द्यायचं. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारसं काही करत नाही. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे स्टीअरिंगवर असलेल्याने ती घेऊ नये.

इथे एक पेच येतो आणि खरी धमाल त्यातूनच होते. पुढे बसणारा हाच परंपरेने नकाशा बघणाराही असतो! मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. आमच्यातल्या ज्या मित्राला गाडी लागते, त्याला आम्ही मोठ्या प्रेमाने पुढे बसवलं. त्याने कृतज्ञतेपोटी वाट दाखवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मान खाली, मोबाईल मांडीवर. ‘दोनशे मीटरवर डावीकडे,’ तो म्हणाला. मग ‘शंभर मीटर’. मग नुसताच ‘डावीकडे’. मग काहीच नाही. मागून कुणीतरी विचारलं, ‘आता कुठे?’ तो हळूच म्हणाला, ‘आता... थांब.’ आम्हाला वाटलं वाट चुकली. चालकाने त्याचा चेहरा पाहिला आणि गाडी इतक्या झटपट कडेला घेतली, की मागचे तिघे एका खिडकीशी गोळा झाले. दहा मिनिटं गार वाऱ्यात उभा राहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘डावीकडचा रस्ता मागेच गेला’. नकाशा मागच्या सीटवर गेला तो कायमचा.

नकाशावाल्याने घरूनच एक काम करून निघावं. त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा. उपग्रहांचा संकेत घ्यायला मोबाईल नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र यायला. रेंज गेली की निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर एकटाच फिरत राहतो आणि गाडीत पाच जणांची पाच मतं तयार होतात. खोल दरीत कधीकधी तो ठिपकाही भरकटतो, कारण जागा नक्की करायला निदान चार उपग्रह लागतात आणि दोन्ही बाजूंचे कडे आकाशच झाकतात. अशा वेळी रस्त्यावर दिसेल त्या पहिल्या माणसाला विचारावं. मात्र विचारायला एकानेच उतरावं. दोघे उतरले की दोन वेगळी उत्तरं घेऊन येतात.

‘अजून किती?’ हा प्रश्न घाट सुरू होताच येतो आणि माथा येईपर्यंत थांबत नाही. नकाशावर तर बोटाच्या पेरभर अंतर दिसतं ना! पण रस्ता डोंगरावर सरळ चढू शकत नाही. आठ टक्के चढ धरला, शंभर मीटर जाऊन आठ मीटर वर, तर हजार मीटर उंची गाठायला साडेबारा किलोमीटर रस्ता लागतो, आणि तो त्याच उतारावर मुरडत मुरडत बसवावा लागतो. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता 1820 ते 1825 या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधून काढला. खिंड 2757 मीटरवर आहे आणि एका बाजूने चढताना केसाच्या आकड्यासारखी 48 वळणं लागतात. प्रत्येक वळणाला क्रमांक दिलेला आहे. ही सोय मला फार आवडते, कारण तिथे ‘अजून किती?’ला खिडकीतूनच उत्तर मिळतं. आपल्या गाडीत हे काम मधल्या जागेवरच्या मित्राला द्यावं. त्याला खिडकी नसते, पण समोरच्या काचेतून रस्ता अगदी नीट दिसतो. वळणं मोजायची त्याने. तोही खूश, विचारणाराही गप्प.

चढताना आणखी काही गमती आपोआप होतात. मागे ठेवलेली वेफर्सची पिशवी फुगत जाते आणि कुणी तिच्यावर टेकलं की फटाक्यासारखी फुटते. दोन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी असतो, आतली हवा मात्र खालची, म्हणून हा फुगवटा. त्याच कारणाने टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल गाडीचा दम हजार मीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. गाडी धापा टाकायला लागली की सगळे चालकाकडे बघतात. त्याने गिअर खाली घ्यावा आणि मुकाट चढावं. मागून मिळणारे सल्ले ऐकू नयेत. आणि ‘कशाला हवं स्वेटर’ म्हणून अर्ध्या चड्डीत आलेला मित्र! हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते. माथ्यावर पहिला वारा लागला की तो दुसऱ्याच्या जॅकेटची एक बाही मागतो. एक जादा जॅकेट डिकीत टाकाच. ते त्याच्यासाठीच आहे हे आधी सांगू नका, बिचाऱ्याला आनंद होऊ द्या.

समोरून गाडी आली आणि रस्ता एकाच गाडीपुरता असला, तर गाडीत एकदम सभा भरते. सगळे हातवारे करू लागतात, काचा खाली होतात. उत्तर सोपं आहे आणि ते 1968 च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही लिहिलेलं आहे. उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, म्हणून हा मान चढणाऱ्याचा. चढणाऱ्याच्याच बाजूला थांबायला पुरेशी जागा असेल तर त्याने ती वापरावी, एवढाच अपवाद.

आता उतार. चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त वाटते, आणि इथे मी गमतीला थोडा वेळ बाजूला ठेवतो. माणसं-सामान धरून दीड हजार किलोची गाडी हजार मीटर खाली आणायची, तर सुमारे पावणेपंधरा दशलक्ष ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत 20 अंशांचं चव्वेचाळीस लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा वारा आणि टायर उचलतात. बाकीचा इंजिनाने उचलला नाही, तर सगळा चार चाकांच्या ब्रेकवर पडतो. करपल्यासारखा वास येतो तो याचाच. पुढे ब्रेक ऑइलही तापतं, म्हणजे आपल्या पायाचा दाब नळीतून चाकांपर्यंत नेणारं तेल. डॉट 3 जातीचं नवं ऑइल कमीत कमी 205 अंशांना उकळतं, पण ते हवेतली ओल शोषत जातं आणि मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 140 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेकचा पाय खाली जातो, गाडी मात्र थांबत नाही.

म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक लावायचा तर ठासून लावा आणि सोडा, नुसता पाय टेकवून ठेवू नका. आणि मागून एक आवाज हमखास येईल, ‘न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचेल!’ या मित्राला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरवर उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरायचा विचार तर कुणी बोलूनही दाखवू नये. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टीअरिंग जड होतं. विजेवरच्या गाडीवाल्यांसाठी वेगळी सूचना. माथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघू नका. उतारावर मोटर वीज परत भरते म्हणून गाडी रोखली जाते. बॅटरीत जागाच नसेल तर भरणार कुठे?

उतरताना मागचे सगळे झोपलेले असतात. दोन दिवसांचं जागरण, हसून हसून दुखलेली पोटं. तरी त्यांना मधून मधून उठवा. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, कानात दडे बसतात आणि गिळल्यावर किंवा जांभई दिल्यावरच ते सुटतात. झोपेत माणूस गिळतो कमी, मग खाली पोचल्यावर सगळे बहिरे होऊन एकमेकांशी ओरडून बोलतात. आमच्याकडे यासाठी एक मित्र नेमलेला आहे. तो झोपलेल्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्ठी जांभई देतो. जांभई संसर्गजन्य असते, गाडीभर पसरते आणि दडे सुटतात. शेवटी चालकही जांभई देतो, तेव्हा मात्र गाडी कडेला घेऊन चालक बदलायचा. म्हणून लायसन्स असलेला आणि झोप झालेला दुसरा माणूस गाडीत हवाच.

रविवारचा एकच नियम माझ्याकडे आहे. घाट उजेडात उतरायचा. धुकं आलं तर अप्पर लाइट कामाचा नाही, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवरच चालवावं लागतं आणि वेळ दुप्पट लागतो. तेव्हा सूर्यास्ताची वेळ आधी बघा, घाट उतरायला लागणारा वेळ त्यातून वजा करा, वर एक तास हाताशी ठेवा आणि ती निघायची वेळ म्हणून सगळ्यांना सांगा. फोटो काढणाऱ्या मित्राला त्याहून अर्धा तास आधीची सांगा.